पुंजारामचं धुकं

"ओ चाचा, काचेले हात नका लावू! लिवलं हाये ना तिथं एवढ्या मोठ्या अक्षरात?"

रहीमचाचांनी हात मागे घेतला, पण काचेला टेकलेलं नाक काही हटवलं नाही. पाटी त्यांना वाचता येत नव्हती असं नाही. पण आत, त्या काचेच्या पेटीत, त्यांचं धुकं पार मरून पडलं होतं, आणि अशा वेळी पाट्या कोण वाचतो?

"मीच केलं हाये हे," ते म्हणाले.

"काय केलं?"

"हे धुकं."

सभागृहाचा शिपाई देवमन खुर्चीतून उठला. त्याने पेटीकडे पाहिलं, मग चाचांच्या पांढऱ्या दाढीकडे, मग त्यांच्या खांद्यावरच्या, चादरीत बांधलेल्या भल्यामोठ्या गाठोड्याकडे.

"अन् हे काय हाये?"

"कापूस."

"बाप्पा! अकोल्यात कापूस घेऊन आले तुमी?" देवमन पोट धरून हसला. "इथं काय कमी होती का जी कापसाची?"

हसू द्या त्याला. त्याला काय ठाऊक, की हा कापूस पिंजायला चाचांना दोन दिवस लागले होते. दुकानात मशीन असताना तिला हात न लावता त्यांनी माळ्यावरून बापाच्या वेळची धुनकी, म्हणजे कापूस पिंजायचं धनुकलं काढलं, त्याची तात नवी बसवली आणि दोन दिवस टुंग टुंग करत बसले. मशीनमध्ये कापसाचा धागा तुटतो. धुनकीवर तो नुसता मोकळा होतो.

अमरावतीला इतवाऱ्यात अब्दुल रहीम पिंजाऱ्याचं गाद्यांचं दुकान आहे. आहे म्हणायचं आपलं. फोमच्या गाद्या आल्यापासून गिऱ्हाईक लग्नसराईत येईल तेवढंच. हलीमाबी चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा वकार पुण्याला, तो शुक्रवारी नमाजानंतर फोन करतो, "अब्बा, तबियत कैसी है?" विचारतो, चाचा "अच्छी है" म्हणतात, आणि दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचत नाही. बाकीचे दिवस असे, की शटर वर केल्यापासून खाली ओढेपर्यंत चार माणसांशी सलाम-दुवा झाली तरी खूप. एकदा तर दुपारी खोकला आला तेव्हा चाचांना स्वतःचाच आवाज ऐकून दचकायला झालं होतं.

अशातच एक दिवस प्रणाली दुकानात आली. जीन्स, पायात चपला, हातात औषधाच्या दुकानातला कापसाचा गुंडाळा. तिचा साईनगरात ॲनिमेशनचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे भाड्याच्या बंगल्याचा खालचा मजला आणि पाच माणसं. बाहुल्या करायच्या, त्या नखभर हलवायच्या, फोटो काढायचा, पुन्हा नखभर हलवायच्या. असे बारा फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद होतो. पुंजाराम नावाच्या टपालवाल्याची गोष्ट ते करत होते. तो टपाल घेऊन निघतो आणि चिखलदऱ्याच्या धुक्यात वाट चुकतो. पुंजाराम झाला, झोळी झाली, डोंगर झाला. अडलं होतं ते धुक्यावर. धूर सोडून पाहिला, तर तो दोन फोटोंच्या मध्ये थांबायला तयार नाही. कापूस लावला, तर पुंजाराम पट्टी बांधल्यासारखा दिसू लागला.

चाचांनी तिच्या हातातला गुंडाळा बोटांत चोळून पाहिला. "हा दवाखान्याचा कापूस हाये पोरी. दाबून दाबून मारलेला. याच्यात जान नाही."

एक किलो कापूस घेऊन ती गेली. दुसऱ्या दिवशी तो मोकळा कसा करायचा ते विचारायला आली. तिसऱ्या दिवशी चाचाच शटर ओढून साईनगरात गेले, आणि मग दीड वर्ष जात राहिले.

काय दिवस होते ते! साडेअकरा वाजता चहा, चार वाजता चहा. दुपारी सगळे खाली सतरंजीवर डबे उघडून बसत. शुक्रवारी चाचांच्या नमाजासाठी शूटिंग थांबायचं, आणि कॅमेरा सांभाळणारा अंकुर म्हणायचा, "जा चाचा, पण धुक्याले सांगून जा, हलू नको म्हना." चाचा पुंजारामच्या पायाशी कापसाचा एक पदर ठेवायचे, अंकुर फोटो काढायचा, चाचा तो पदर केसभर पुढे ओढायचे. दिवस संपेपर्यंत सारं मिळून दोन सेकंद. घरी परतताना हे दोन सेकंद चाचा डोळ्यांपुढे फिरवत राहायचे. आपल्या हाताला अजून काम आहे, कुणीतरी आपली वाट पाहतंय, या विचाराने त्यांना रात्री झोपही चांगली लागायची.

पिक्चर चौदा मिनिटांचा झाला. संपला. मंडळी महोत्सवांना जाऊ लागली. केरळ, दिल्ली, मग तिकडे परदेशातही. पुंजारामच्या पेट्या गावोगावच्या प्रदर्शनांतून फिरू लागल्या. मोबाईलवर फोटो यायचे: कुठल्यातरी परक्या शहरात गोरी माणसं वाकून चाचांचं धुकं बघतायत. चाचा खाली अंगठा उमटवायचे. दहा महिने झाले, पण कुणी बोलावलं नाही. दोष कुणाचाच नव्हता. काम नव्हतं, तर कशाला बोलावतील? पण साडेअकराच्या सुमाराला चाचांचं मन दुकानात लागत नसे, एवढं खरं.

गेल्या आठवड्यात निरोप आला: 'आपलं प्रदर्शन अकोल्यात. रविवार शेवटचा दिवस. सगळ्यांनी या. नव्या फिल्मची तयारीही सुरू!' निरोप सगळ्यांनाच होता. चाचांनी तो आपल्यालाच आहे असं धरलं. नवा पिक्चर म्हणजे नवं धुकं, नाहीतर ढग, नाहीतर पुराचं पाणी. कापूस तर लागणारच. पण 'मला घ्या' असं आपल्या तोंडाने म्हणणं त्यांना जमलं नसतं. कापूस दाखवायचा, बस. कापूस पाहिला की प्रणाली आपणच म्हणेल, चाचा, कधी येता? एवढं ऐकायला ते बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरून आले होते.

आणि इथे पाहतात तर हे असं. पुंजाराम कड्यावर उभा, कमरेपर्यंत धुकं. आणि ते धुकं खाली बसलेलं, पिवळट पडलेलं, प्रवासात दबून त्याच्या गुठळ्या झालेल्या.

"पोरं कुठं गेले?" चाचांनी विचारलं.

"जेवाले गेले. येतीन अर्ध्या घंट्यात." देवमन बोलता बोलता थांबला. भिंतीवर 'असा घडला पुंजाराम' नावाचा मोठा फलक होता. त्यात एक फोटो होता: टोपी घातलेला म्हातारा बाहुल्यावर वाकलाय आणि बोटांच्या चिमटीत कापूस आहे. देवमनने फोटो पाहिला, चाचांना पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "अरे! हे तं तुमीच हा जी!"

"मंग मी काय सांगून राहिलो मघापासून?"

झालं. आता देवमनचा नूरच पालटला. चाचांना बसायला खुर्ची आली, पाणी आलं, आणि चाचांनी "जरासं झाकण उचलू लागता का भाऊ?" म्हटल्यावर त्याने खुशाल दुसऱ्या बाजूने हात लावला. ज्याचा माल तो हात लावणार, त्याला पाटीचं काय?

चाचांनी धुकं अलगद उचलून चादरीवर घेतलं. चिकट लागत होतं, कुणीतरी काहीतरी फवारलं होतं त्यावर. "गोंद लावला का काय यायनं!" ते पुटपुटले. मग गुठळ्या सोडवल्या, जुना कापूस ओढून ओढून मोकळा केला, त्यात नवा मिसळला. पिंजाऱ्याच्या जातीला हे काय शिकवायचं? तीन वर्षं वापरलेली गादी उसवायची, बसलेला कापूस पिंजायचा, पुन्हा भरायचा. साऱ्या अमरावतीच्या गाद्या त्यांच्या बापाने आणि त्यांनी अशाच उठवल्या होत्या. अर्ध्या तासात पुंजारामभोवती असं धुकं चढलं, की देवमन म्हणाला, "मले तं थंडीच वाजून राहिली."

चाचा खुश झाले. आता प्रणाली येऊ दे.

ती आली. दारातून चाचांना पाहिलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. "चाचा! तुमी कवा आले?" आणि मग तिची नजर पेटीवर गेली.

"हे... हे कोनं केलं?"

"मीच. पार बसून गेलं होतं पोरी. उठवलं त्याले."

"अन् जुनं? जुनं कुठं हाये?"

"याच्यातच हाये की. पिंजून मिसळलं."

प्रणालीच्या मागून आलेल्या अंकुरने कपाळावर हात मारला.

भानगड काय होती ती चाचांना मग कळली. ते धुकं पिक्चरच्या शेवटच्या फोटोतलं होतं. तो फोटो काढल्यावर त्या कापसाला कुणी बोट लावलं नव्हतं; जसं होतं तसंच फवारून घट्ट केलं होतं, आणि तसंच ते देशोदेशी फिरलं होतं. मुंबईच्या एका संग्रहालयाला ती पेटी कायमची ठेवून घ्यायची होती. शेवटचा फोटो, जसाच्या तसा. त्यांची माणसं चार वाजता बघायला येणार होती.

"बसलेलं होतं म्हनून..." चाचा बोलू लागले. बसलेला कापूस तसाच जपून ठेवायचा असतो, हे त्यांना साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना इतकी शरम वाटली, की गाठोडं तिथेच टाकून स्टेशन गाठावंसं वाटलं. आलो होतो काय मागायला, आणि करून ठेवलं काय! आता हे लोक कशाला आपल्याला पुन्हा उंबरा चढू देतात?

प्रणाली ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "जाऊ द्या चाचा. तुमाले काय मालूम."

ते मात्र चाचांना सोसलं नाही. "थो फोटो हाये का?" त्यांनी विचारलं. "शेवटचा? दाखव बरं अंकुर."

अंकुरने लॅपटॉप पेटीशेजारी ठेवला. चाचांनी चष्मा पुसला, टोपी सारखी केली आणि बसले. फोटोत पुंजारामच्या डाव्या गुडघ्याशी धुक्याची एक जीभ वर आली होती. उजवीकडे एक भोक होतं, त्यातून खालच्या गावाचं एकच कौलारू छप्पर दिसत होतं. चाचा फोटो बघायचे, डोळे मिटायचे, चिमटीने कापूस ओढायचे. लोक जमू लागले. कुणी मुलं खांद्यावर घेतली, कुणी मोबाईल वर धरले. अंकुरने दोन बाजूंना दोन कॅमेरे आणून उभे केले. चाचांना त्याचं काही वाटलं नाही. कॅमेरा समोर असला की त्यांचा हात उलट जास्तच चालायचा. साडेतीनला त्यांनी हात काढून घेतले. प्रणालीने वाकून फोटोशी ताडून पाहिलं. एकदा, दोनदा. मग तिने चाचांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

चार वाजता मुंबईची माणसं आली. त्यांच्यातल्या बाईंनी विचारलं, "हे शूटिंगनंतर हलवलेलं नाही ना?"

"हललं," प्रणाली म्हणाली. "पण ज्यांनी तेव्हा केलं, त्यांनीच आज परत केलंय. हे अब्दुल रहीमचाचा."

बाईंनी चाचांना नमस्कार केला, पेटी पाच मिनिटं न्याहाळली, आणि चालेल म्हणाल्या. उलट त्यांनी चाचांचा फोटोही मागून घेतला. चाचांच्या छातीवरचा दगड उतरला.

आणि मग तर कहरच झाला. अंकुर म्हणाला, "चाचा, थांबता का थोडं? अजून धुकं दाखवा ना. दरीतून वर कसं येते, झाडात कसं अडकते, सगळं. मी कॅमेरे लावतो."

चाचांनी जपून विचारलं, "नव्या पिक्चरसाठी?"

"हो मंग!"

कधी येता, असं काही तो म्हणाला नाही. पण आता ते म्हणायचं राहिलंच कुठे होतं? चाचांनी सारं गाठोडं मोकळं केलं. दरीतून वर येणारं धुकं दाखवलं. कड्यावरून खाली सांडणारं दाखवलं. ऊन लागल्यावर काठाकाठाने विरतं ते दाखवलं. करता करता बोलू लागले, दहा महिन्यांचं साठलेलं. लग्न झालं त्या वर्षी चिखलदऱ्याच्या एका हॉटेलच्या पन्नास गाद्या घेऊन ते ट्रकने गेले होते. हलीमाबी हट्टाने बरोबर आली होती. घाटात असं धुकं लागलं, की ट्रक थांबवावा लागला. हलीमाबीने खिडकीतून हात बाहेर काढला आणि म्हणाली, "अजी, ये तो अपनी ही दुकान का माल है." ते सांगताना चाचा हसले आणि हसता हसता डोळे पुसले. अंकुर म्हणत होता, "हळू चाचा. हां. आता बोटं अशीच ठेवा. पुन्हा एकदा." कंटाळा न येता चाचांनी एकेक गोष्ट तीन तीनदा केली. इतका आनंद त्यांना कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

साडेपाचला अंकुर म्हणाला, "झालं चाचा. हे पाहा, मजा दाखवतो."

त्याने लॅपटॉप फिरवला. पडद्यावर आधी चाचांचे हात दिसले, हातांवर कंप्युटरने उमटवलेले हिरवे ठिपके. मग हात गेले, ठिपके राहिले. मग ठिपकेही गेले, आणि राखाडी रंगाचं काहीतरी डाव्या कोपऱ्यातून वर येऊ लागलं. ते धुकं होतं. वर आलं, एका न दिसणाऱ्या कड्याला अडलं, बाजूने वळलं. चाचा जसं वळवत तसंच.

"आता कच्चं हाये," अंकुर उत्साहाने म्हणाला. "पन तुमचा हात जसा चालला ना, डिट्टो तसंच चालते. नवी फिल्म सारी कंप्युटरवर हाये चाचा. आता तुमाले कापूस घेऊन धावपळ कराची काहीच गरज नाही. सगळं घेतलं आमी."

तो चांगली बातमी सांगत होता. पोराच्या मनात पाप नव्हतं.

प्रणाली वायर गुंडाळत होती, तिचे हात थांबले. "चाचा, मी सांगनार होती तुमाले... बाहुल्यायचं काम आता परवडत नाही. दीड वर्ष लागते. कोनी थांबत नाही तेवढं."

"बरोबर हाये," चाचा म्हणाले. ते पडद्याकडे बघत होते. "सफाई हाये. लय सफाई हाये. थकत नाही ना हे?"

"नाही," अंकुर म्हणाला.

"मंग चांगलं झालं."

त्यांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण कुणावर रागवावं? मागितलं त्यांनी, दिलं आपण, आणि हसत हसत दिलं. आता उद्या साडेअकरा वाजतील, परवा वाजतील. त्यांनी चादरीवरचा कापूस हाताने गोळा करायला घेतला. बाहेर टेम्पो येऊन थांबला होता आणि देवमन फलक उतरवू लागला होता. प्रणालीने विचारलं, "चाचा, आमच्यासंग गाडीत चलता का अमरावतीले? सामान घालून होते एका घंट्यात." चाचांनी मान हलवली, ती हो होती का नाही ते तिला कळलं नाही.

मग चाचा एकदम म्हणाले, "एक राहिलं."

"काय?"

"दरीतलं दाखवलं, उनाचं दाखवलं. थांबलेलं नाही दाखवलं. येतही नाही, जातही नाही, नुसतं उभं राह्यते. थे वेगळंच असते. थे नसंन तुमच्याजवळ."

अंकुरने घड्याळ पाहिलं. टेम्पोवाल्याने बाहेरून हॉर्न दिला. "चाचा, आता..." तो म्हणू लागला, पण प्रणालीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. अंकुरने पिशवीत भरलेला कॅमेरा परत काढला, तिपाईवर चढवला, भिंगाचं झाकण काढलं आणि डोळा लावला. "हं चाचा. करा सुरू."

चाचांनी चादर सारखी केली. मान वर करून त्यांनी एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं. कॅमेरा चालू असला की त्याच्या कपाळावर एक बारीक लाल दिवा लागतो, दीड वर्ष त्याच्यासमोर बसलेल्या माणसाला एवढं कळतं. दिवा लागलेला नव्हता.

चाचांनी कापसाचा एक पदर चिमटीत घेतला, चादरीवर ठेवला, आणि केसभर पुढे ओढला.

"अस्सं," अंकुर म्हणाला. "हळू."

"हळूच करून राहिलो बेटा," चाचा म्हणाले, आणि त्यांनी दुसरा पदर उचलला.